परसातला परदेशी दगड

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

पुण्यात आमच्या वाड्याच्या परसात, नळाखाली, एक दगड होता. दीड फूट लांब, फूटभर रुंद आणि चार बोटे जाड. आजूबाजूचा सगळा दगड काळा. जोते काळे, पायऱ्या काळ्या, स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटाही काळा. हा एकटाच पिवळसर, जुन्या हस्तिदंतासारखा. हात फिरवला तर काचेवरून फिरवल्यासारखे वाटे. आजी त्याच्यावर धुणे आपटत नसे. "ह्याच्यावर नुसता साबण लावायचा. आपटायचं ते त्या काळ्यावर," असा तिचा दंडक होता.

तो दगड आजोबांनी आणलेला. ते मुंबईत गिरगावातल्या एका शिळाछापखान्यात दगड घासण्याचे काम करीत. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांचा दोन महिन्यांचा पगार थकला होता. मालकाने हात वर केले आणि म्हणाला, हवा तर एक दगड घेऊन जा. आजोबांनी तो पंचवीस-तीस किलोचा धोंडा गोणपाटात गुंडाळून आगगाडीने पुण्याला आणला. आजीने विचारले, "पगार कुठाय?" आजोबा गोणपाट सोडत म्हणाले, "हा काय!"

एकदा नरक चतुर्दशीच्या पहाटे माझ्या हातून तेलाची वाटी त्या दगडावर लवंडली. मी घाबरून वरून पाणी ओतले. सगळा दगड ओला झाला. तेल पडले होते तिथून मात्र पाणी थेंबथेंब होऊन बाजूला सरकत राहिले. आजोबा चूळ भरता भरता म्हणाले, "आता याच्यावर शाईचा रूळ फिरव. ओल्या जागी शाई धरणार नाही, तेलाच्या डागाला तेवढी धरेल. वर कागद दाब. झालं तुझं छापकाम!"

मंडळी, शिळाछपाईचे सगळे शास्त्र या दोन वाक्यांत आले. तेल आणि पाणी यांचे जमत नाही, एवढेच ते शास्त्र. मेण, साबण आणि काजळी यांच्या कांडीने दगडावर चित्र काढायचे. मग डिंकाच्या पाण्यात किंचित नत्राम्ल मिसळून त्याचा हात फिरवायचा, म्हणजे मोकळी जागा पाणी धरून ठेवते आणि रेघ तेवढी तेलकट राहते. दगड ओला करायचा, शाईचा रूळ फिरवायचा, कागद ठेवून दाब द्यायचा. छाप उलटा उमटतो, म्हणून दगडावर सगळे आरशातल्यासारखे उलटे काढावे लागते. आजोबांना उलटी अक्षरे सुलट्याइतक्याच वेगाने वाचता येत.

ही युक्ती शोधून काढली आलॉइस झेनेफेल्डर या माणसाने. १७७१ साली प्रागमध्ये जन्मलेला हा नटाचा मुलगा. वडील गेल्यावर शिक्षण सुटले. म्युनिकमध्ये नाटके लिहू लागला, पण ती छापून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून स्वतःच छापण्याचे प्रयोग करीत बसला. त्याने पुढे स्वतःच सांगितलेली हकीकत अशी. १७९६ साली एके दिवशी आईने त्याला धोबिणीकडे द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितले. जवळ कागद नव्हता. प्रयोगासाठी घासून ठेवलेला दगड समोर होता. त्याच्यावरच त्याने मेण-साबणाच्या शाईने यादी लिहून टाकली. नंतर ती पुसण्याआधी त्याच्या मनात आले, याच्यावर आम्ल ओतले तर काय होईल? त्या प्रश्नातून दोनएक वर्षांत शिळाछपाईची पूर्ण रीत तयार झाली. आमच्या आजीला ही गोष्ट मी सांगितली तेव्हा तिला जराही आश्चर्य वाटले नाही. "धुण्याचाच दगड तो," ती म्हणाली.

आजोबा त्याला 'जर्मन दगड' म्हणत. तो नेमका कुठला, हे मला कळले ते कॉलेजात भूशास्त्र घेतल्यावर. एका जाड पुस्तकात एका अश्मीभूत पक्ष्याचे चित्र होते. माना वळवून पडलेला, पंख पसरलेले, पिसान् पीस उमटलेले. खाली नाव होते, आर्किऑप्टेरिक्स लिथोग्राफिका. पहिल्या शब्दाचा अर्थ प्राचीन पंख. आणि दुसऱ्याचा? आमच्या सरांनी सांगितले, "छापायच्या दगडातला." मला एकदम आमचा नळ आठवला.

जर्मनीत बव्हेरिया प्रांतात, आल्टम्यूल नदीच्या काठी झोल्नहोफेन नावाचे गाव आहे. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ, उबदार समुद्र होता. त्यात प्रवाळांच्या आणि स्पंजांच्या बांधांनी अडवलेली खाऱ्या पाण्याची तळी होती. तळाचे पाणी इतके खारट आणि प्राणवायूविना इतके कोंडलेले, की तिथे जवळजवळ काही जगत नसे. मेलेला मासा, वादळात पडलेला चतुर, भरकटलेला पक्षी तळाशी गेला की त्याला खायला कोणी नसे. वरून चुन्याचा पिठासारखा बारीक गाळ बसत राही. त्या गाळाचा झाला चुनखडक. आपल्याकडच्या शहाबादी फरशीसारखा हाही थराथरांनी सुटतो, पण त्याचा कण त्याहून कितीतरी बारीक आणि एकसारखा. रोमन काळापासून लोक तो जमिनीला आणि छपरांना वापरीत होते. छपाईला असाच दगड लागतो. पाणीही प्यावे, तेलही प्यावे, आणि पृष्ठभागावर कुठे खड्डा, शीर किंवा डाग नसावा. एकोणिसाव्या शतकात जगभरच्या शिळाछापखान्यांना उत्तम दगड पुरवला तो या भागातल्या खाणींनी.

या दगडाने जीवाश्मांच्या अभ्यासाला काय दिले, हे पाहण्याआधीची स्थिती सांगायला हवी. हाडे, शिंपले, मासे यांचे वर्णन शब्दांत कितीही केले तरी लंडनमधला मासा आणि पॅरिसमधला मासा एकाच जातीचा की वेगळा, हे चित्राशिवाय ठरत नाही. मूळ वस्तू एकच असते आणि ती एकाच कपाटात असते. प्रवास करते ते चित्र. पूर्वी ते तांब्यावर कोरून छापीत. चित्रकार कागदावर काढी आणि कोरणारा कारागीर त्याची रेघांत नक्कल करी. म्हणजे हाडाकडे पाहणारे डोळे एकाचे आणि छापणारा हात दुसऱ्याचा. खर्च मोठा, वेळही फार. दगडावर मात्र चित्रकार स्वतः कांडीने थेट काढू शके. हाडाची खरखर, खवल्यांची चकाकी, सावलीतून उजेडात जाणारी गोलाई हे सगळे पेन्सिलीच्या चित्राइतके मऊ उमटे.

१८२४ साली विल्यम बकलंड यांनी मेगॅलोसॉरसचे वर्णन प्रसिद्ध केले. आज आपण ज्यांना डायनोसॉर म्हणतो, त्यांपैकी शास्त्रीय नाव मिळालेला हा पहिला प्राणी. त्याच्या जबड्याची चित्रे मेरी मोर्लंड या तरुणीने काढली होती आणि ती दगडावरून छापली गेली. पुढच्याच वर्षी तिचे बकलंड यांच्याशी लग्न झाले. १८३० मध्ये हेन्री डी ला बीच यांनी प्राचीन समुद्राचे एक कल्पनाचित्र रंगवले. त्यात एक जलचर सरडा दुसऱ्याची मान पकडतो आहे आणि वर उडते सरपटणारे प्राणी आहेत. त्यातले बरेचसे प्राणी मेरी अ‍ॅनिंग हिने इंग्लंडच्या लाइम रीजिस गावच्या कड्यांतून शोधले होते. ती सुताराची मुलगी, जीवाश्म विकून पोट भरणारी, आणि त्या वेळी फार ओढगस्तीत होती. चित्र दगडावरून छापले आणि प्रतींच्या विक्रीचे पैसे तिला दिले. एका दगडाने जे दिले ते दुसऱ्या दगडावरून छापून तिच्या हाती परत गेले, असे म्हणायला हरकत नाही.

आणि लुई अगासी! स्वित्झर्लंडच्या या शास्त्रज्ञाने १८३३ ते १८४३ अशी दहा वर्षे अश्मीभूत माशांवरचा प्रचंड ग्रंथ छापला. त्यासाठी न्यूशातेल गावात शिळाछापखान्याचा संसार मांडला आणि स्वतःला कर्जात घातले. योझेफ डिंकेल नावाचा चित्रकार वर्षानुवर्षे गावोगावच्या संग्रहांतून मासे चितारत हिंडला. ग्रंथावर नाव अगासींचे आहे. ते योग्यच. पण आजही एखादा अभ्यासक ती पाने उलगडतो तेव्हा पहिल्यांदा दिसतात ते डिंकेलचे डोळे.

आता पुन्हा खाणीकडे येऊ. झोल्नहोफेनच्या परिसरात जीवाश्म सापडतात हे शिळाछपाईच्या आधीपासून ठाऊक होते. उडत्या सरड्याचे, म्हणजे टेरोडॅक्टिलचे पहिले वर्णन १७८४ सालचे आहे, तोही याच खडकातला. पण छपाईचा दगड हवा म्हणून खाणी वाढल्या, आणि हे काम सुरुंगाने होत नाही. हातोडी आणि छिन्नी घेऊन थर अलगद सुटा करायचा, दोन्ही बाजूंनी न्याहाळायचा आणि निर्मळ निघाला तर ठेवायचा. विचार करा, जगात कुठे खडकाचे इतके थर इतक्या बारकाईने, एकेक करून माणसाच्या नजरेखालून गेले असतील? छापखान्याच्या दृष्टीने दगडातला मासा म्हणजे दोष. तो दोष आहे की नाही हे पाहण्यासाठीच खाणकामगार थर उलटून बघत होते. त्या बघण्यातून शास्त्राला त्याचा सर्वांत मोलाचा पक्षी मिळाला.

१८६१ मध्ये हेर्मान फोन मायर यांनी या खडकात उमटलेल्या एका पिसाची बातमी दिली. पीस! पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात पक्षी असेल, असे कोणाला वाटले नव्हते. थर उघडला तेव्हा पिसाचे दोन ठसे मिळाले, एक सुलटा, एक उलटा. दगड आणि छाप असावा तसे. आज एक ठसा बर्लिनमध्ये आहे, दुसरा म्युनिकमध्ये. त्याच वर्षी पिसांसह जवळजवळ पूर्ण सांगाडा निघाला. तो गेला कार्ल हेबरलाइन या तिथल्या डॉक्टरकडे. खाणकामगार त्यांच्याकडे औषधपाण्याला येत आणि पैशांऐवजी दगड देत. हे वाचताना मला आजोबांच्या पगाराची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. फरक एवढाच, की डॉक्टरांनी तो पक्षी इतर पुष्कळ जीवाश्मांसह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला ७०० पौंडांना विकला.

दुसरा उत्तम सांगाडा १८७० च्या दशकात याकोब नीमायर या खाणमालक शेतकऱ्याला सापडला. त्याने तो विकून एक गाय घेतली, असे सांगतात. तोच दगड फिरत फिरत डॉक्टर हेबरलाइन यांच्या मुलाकडे आला आणि शेवटी बर्लिनच्या संग्रहालयासाठी २०,००० मार्कांना घेतला गेला. पैसे पुढे केले उद्योगपती वेर्नर फोन सीमेन्स यांनी. गायीपासून वीस हजार मार्कांपर्यंत दगड तोच होता. त्याच्याकडे कोण बघतो आहे, यावर किंमत ठरत गेली.

डार्विन यांचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ १८५९ सालचा. सरपटणारे प्राणी आणि पक्षी यांच्यामधला दुवा दाखवा, असे विरोधक विचारत होते, आणि दोनच वर्षांत पिसे असलेला, लांब हाडांची शेपटी असलेला हा जीव हजर झाला. रिचर्ड ओवेन यांनी १८६३ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले, सोबत मोठे चित्र दिले. दगडातल्या पक्ष्याचे चित्र दगडावरूनच छापले गेले. ओवेन डार्विन यांच्या विरोधी गोटातले. त्यांनी त्याला निव्वळ पक्षी ठरवले. पण १८६५ मध्ये जॉन एव्हन्स यांनी मूळ दगड पुन्हा न्याहाळला, तेव्हा त्यांना मेंदूच्या पोकळीचा ठसा आणि एका जबड्यात दात दिसले. दात, आणि पक्ष्याला! ओवेन यांच्या हातून ते निसटले होते.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगावीशी वाटते. चित्र कितीही चांगले असले तरी त्यात येते ते काढवून घेणाऱ्याला महत्त्वाचे वाटले तेच. त्याच्या नजरेतून सुटलेले मूळ दगडात वाट पाहत राहते. म्हणून मूळ वस्तू जपायची असते. पण उलटेही खरे आहे. इजिप्तमध्ये सापडलेल्या स्पायनोसॉरसची हाडे म्युनिकच्या संग्रहालयात होती. एप्रिल १९४४ च्या बाँबवर्षावात ती नष्ट झाली. उरली ती एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ साली छापलेली चित्रे आणि काही छायाचित्रे. नवा सांगाडा २०१४ मध्ये जगापुढे येईपर्यंत अभ्यासकांना मोठा आधार होता तो याच कागदांचा. वस्तू जाते तेव्हा चित्र तिच्या जागी उभे राहते.

या कथेत आपण कुठे आहोत? अगदीच बाहेर नाही. आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्याच्या पोटात मासे-पक्षी मिळायचे नाहीत. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्यांचा गाळ सापडतो आणि विदर्भात त्याहून जुने खडकही आहेत. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप तिथे जीवाश्म गोळा करीत हिंडले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली इथे मिळालेली एका प्राचीन उभयचराची कवटी लंडनला गेली, आणि १८५५ मध्ये तिचे नाव ठेवून चित्रासह वर्णन केले ते याच रिचर्ड ओवेन यांनी. त्या काळी अशा नियतकालिकांतली चित्रे बहुधा शिळाछापाचीच असत. म्हणजे आपली कवटी बोटीने लंडनला गेली, तर मुंबईला बोटीने येत होते छापायचे दगड! १८३१ च्या सुमारास गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत शिळाछापावर मराठी मजकूर छापायला सुरुवात केली. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा छापखाना गिरगावात उभा राहिला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजी-पणजीच्या देवघरातली कमळावरची लक्ष्मी अशाच दगडांवरून उतरली. मळवलीच्या कारखान्यात १९७२ साली आग लागली आणि पुष्कळ काही जळून गेले.

पण दगड नाहीसे व्हायला आगच लागते असे नाही. त्यांचा रोजचा धंदाच पुसण्याचा होता. हवे तेवढे छाप काढून झाले की दगड पुन्हा घासायचा. दोन दगड तोंडाला तोंड लावून, मध्ये वाळू आणि पाणी घालून, गोल गोल फिरवायचे. चित्र जाते, दगड कागदाच्या पानासारखा कोरा होतो, पुढचे काम चढते. हेच आजोबांचे काम. तीस वर्षांत त्यांनी किती लक्ष्म्या, किती नकाशे, किती जाहिराती पुसल्या असतील! "वाईट नाही वाटायचं?" मी एकदा विचारले होते. ते म्हणाले, "कागद निघालेला असतो ना. दगड मोकळा करावाच लागतो." पंधरा कोटी वर्षे पिसाची रेघ सांभाळणारा खडक, आणि त्याच खडकावरचे माणसाचे चित्र आठवड्यात साफ!

आमचा दगड मात्र घासलेला नव्हता. सकाळी तो ओला असताना, ऊन तिरपे आले की त्यावर फिकट काहीतरी दिसे. एक उलटे 'श्री' आणि मोराची अर्धी मान. कापडाच्या ताग्यावर चिकटवायचे तिकीट असावे. "शेवटचं काम ते," आजोबा म्हणत. "घासायचं राहिलं."

१९९६ साली वाडा बिल्डरकडे गेला. मी तेव्हा नोकरीनिमित्त बाहेरगावी होतो. आईने भांडी नेली, फोटो नेले, पाटा-वरवंटाही नेला. मी भूशास्त्र शिकलेला माणूस. पण 'नळाखालचा दगड बाजूला काढून ठेव' असे एक पोस्टकार्ड मला टाकता आले नाही. तो राडारोड्याबरोबर गेला. नदीकाठच्या कुठल्या भरावात तो असेल, देव जाणे. एवढ्या काळ्या दगडांत एकटा पिवळा.

म्हणून ही एक विनंती. तुमच्या गावात जुना छापखाना असेल, आजोळी परसात, जिन्याखाली, गोठ्याच्या उंबऱ्याशी असा गुळगुळीत, पिवळसर किंवा राखी दगड पडलेला असेल, तर तो टाकून देऊ नका. त्याच्यावर तांब्याभर पाणी ओता, ऊन तिरपे येऊ द्या आणि बाजूने वाकून बघा. अक्षरे दिसली तर ती उलटी असतील. आरसा धरून वाचा. घरात कोणी छापखान्यात काम केलेले वडीलधारे असतील, तर त्यांना जवळ बसवून विचारा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. तांब्याभर पाण्यापलीकडे याला काही खर्च नाही.